घोषित : नाही

दादाच्या रोजच्या फोनवर शाल्मली जमदाडे जगत होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. आई गेली त्याला आता पावसाळा उलटून गेला होता. वाईच्या त्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. दिवसभर कामात वेळ जायचा, पण दिवेलागणीला घर अंगावर यायचं. नेमका तेव्हाच भिंतीवरचा पडदा उजळायचा आणि रॉटरडॅमहून हृषीकेशदादा म्हणायचा, "काय गं शालू, भात टाकलास का? खोटं बोलू नकोस." मग ती उठून कुकर लावायची, आणि शिट्ट्या होईपर्यंत तो गप्पा मारत राहायचा. आईच्या आठवणी काढायचा. ती रडली तर थांबायचा, घाई करायचा नाही.

लहानपणी हाच दादा तिच्या वेण्या ओढायचा. तिचं म्हणणं ऐकून घ्यायला त्याला कधी सवड नसायची. परदेशात गेल्यावर तर फोन केला की पाचव्या वाक्याला त्याचं आणि आईचं वाजायचंच. आईच्या आजारपणात मात्र तो पार बदलून गेला. दुःखानं माणूस मऊ होतो, अशी शाल्मलीनं स्वतःची समजूत घातली होती.

ती 'कवच' नावाच्या कंपनीत होती. ज्यांचा सगळा कारभार क्लाऊडवर चालतो अशा कंपन्यांच्या राखणदारीचं काम ही कंपनी करायची. क्लाऊड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी तरंगणारं येतं. प्रत्यक्षात ती कुठल्यातरी माळरानावरची थंडगार, अवाढव्य गोदामं असतात. त्यांतल्या यंत्रांच्या पोटात हवे तेवढे आभासी संगणक क्षणात उभे करता येतात आणि क्षणात पुसता येतात. आज इथे असलेला संगणक उद्या दुसऱ्या खंडात असतो. त्यामुळे 'अमक्या खोलीतला तमका' ही ओळख तिथे कुचकामी ठरते. म्हणून जन्माला येतानाच प्रत्येकाला टॅग लावायचे: हा कशासाठी आहे, कोणाच्या जबाबदारीवर आहे, चालू आहे की बंद. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच. बिननावाचं भांडं कोणाचंच नसतं. ते कोणी घासत नाही, आणि कोणी उचलून नेलं तरी कळत नाही. चोर पहिला हात घालतात तो अशाच बेवारस संगणकांवर.

'कवच'कडे 'टेहळणी' नावाची प्रणाली होती. ती गिऱ्हाइकाच्या सगळ्या खात्यांमधून फिरून टॅग गोळा करायची. अमुक टॅग असलेले, किंवा नसलेले, सगळे संगणक दाखव म्हटलं की पुढ्यात आणून मांडायची. आत काय चाललंय ते मात्र तिला दिसत नसे, आणि दिसायचंही नव्हतं. भांड्यावरचं नाव वाचायचं, झाकण उघडायचं नाही, हा या धंद्याचा नियम.

त्या आठवड्यात शाल्मलीकडे 'सोबत'चं काम आलं होतं. 'सोबत' लोकांना प्रतिनिधी पुरवायची. जुने मेसेज, आवाज आणि व्हिडिओ दिले की त्यावरून माणसाची हुबेहूब बोलणारी प्रतिकृती तयार व्हायची. ज्यांना वेळ नाही त्यांनी ती आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांशी बोलायला ठेवायची. यंत्राला माणसासारखं बोलायला शिकवणं ही आता नवलाई राहिली नव्हती. अवघड प्रश्न होता तो, यंत्रानं नेमकं काय साधायला बोलायचं हा. 'सोबत'नं त्याचं सोपं उत्तर काढलं होतं. ऐकणाऱ्याचा श्वास, आवाजातला कंप, चेहऱ्याचे स्नायू यांवरून त्याची अस्वस्थता मोजायची, आणि ती कमी होईल असं वाक्य निवडायचं. खरं काय नि खोटं काय, याला त्या गणितात जागाच नव्हती.

बरीच ओरड झाल्यावर नवा कायदा आला. समोर माणूस नाही, प्रतिकृती आहे, हे ऐकणाऱ्याला आधी सांगणं सक्तीचं झालं. अशा प्रत्येक संगणकाला 'घोषित' असा टॅग लावायचा आणि त्यात 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, असं ठरलं. ज्यांच्यापुढे 'नाही' आहे ते सगळे शोधून द्यायचे, एवढंच शाल्मलीचं काम होतं.

दुपारचा चहा कपात ओतून ती पडद्यापुढे बसली आणि टेहळणीला विचारलं: घोषित नाही, पण चालू आहेत, असे सगळे दाखव.

ओळी भराभर उमटल्या. पहिल्यांदा तिच्या कपाळाला आठीच पडली. कोणा आळशी इंजिनिअरनं टॅगमध्ये चक्क माणसांची नावं लिहून ठेवली होती. टॅग हे कारखान्यातल्या फलकासारखे, येणारा-जाणारा कोणीही ते वाचू शकतो. त्यात माणसाचं नाव घालू नये, हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. अहवालात घालायला हा एक चांगला मुद्दा मिळाला, म्हणून ती उदाहरणं वेचत खाली खाली गेली.

आणि एका ओळीवर थांबली.

रूप : हृषीकेश जमदाडे. श्रोते : हेमलता जमदाडे, शाल्मली जमदाडे. कोणाच्या विनंतीवरून : स्वतः. घोषित : नाही. स्थिती : चालू.

जगात हृषीकेश जमदाडे काय कमी असतील, असं तिच्या मनात आलं. पण तो विचार पुरतं मूळ धरायच्या आतच गळून पडला. आईचं नाव हेमलता आणि बहिणीचं शाल्मली असलेला हृषीकेश जमदाडे एकच होता. तिनं सुरुवातीची तारीख पाहिली. आईच्या डायलिसिसचं यंत्र घरी आलं त्याच्या पुढच्याच महिन्यातली होती ती.

चहावर साय धरली. ती तशीच बसून राहिली.

हेमलताबाई म्हणजे तिची आई. त्यांनी आयुष्यभर एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलं होतं. भोंग्यावरून गाड्या पुकारणारा त्यांचा आवाज सगळ्या वाईला ओळखीचा होता. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर हा खणखणीत आवाज खाली खाली गेला. डायलिसिसचं यंत्र तोवर सुटकेसएवढं झालं होतं, ते घरीच लावता यायचं. त्यासाठी शाल्मली पुण्याचं बिऱ्हाड मोडून वाईला आली. नळ्या जोडायला शिकली, खाण्यापिण्याची पथ्यं शिकली. एक दिवस हेमलताबाई म्हणाल्या, "पुरे झालं आता. हे काढून टाक." शाल्मलीनं तेव्हा साफ नकार दिला. किती दिवस ती नकारच देत होती.

मग एका संध्याकाळी दादाचा फोन चालू असताना, शाल्मली शेजारी बसलेली असताना, आईनं पडद्याकडे बघून विचारलं होतं, "ऋषी, तूच सांग. बंद करू का?"

आणि दादा म्हणाला होता, "आई, तुला नको असेल तर नको. शालू, तिला अडवू नकोस. तू सगळं केलंस, कशाचीही कसूर ठेवली नाहीस. आता तिचं ऐकूया."

त्या एका वाक्यावर शाल्मलीनं हात मागे घेतला. मोठा भाऊ म्हणतोय, निर्णय एकटीच्या डोक्यावर नाही, याच आधारावर. थोड्याच दिवसांत आई गेली. नंतर जेव्हा जेव्हा मनात आलं की आपण हट्ट धरायला हवा होता, तेव्हा तेव्हा दादानं तिला सावरलं होतं. रोज संध्याकाळी, न चुकता.

दादानं.

संध्याकाळची वाट न बघता तिनं त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला तो आला. एवढ्या कामाचा माणूस, पण बहिणीचा फोन पहिल्या रिंगला घेतो, याचं तिला आजवर किती कौतुक होतं!

"शालू? आज दुपारीच? बरी आहेस ना?"

तीच कपाळावरची बट, तोच डावा ओठ किंचित वर. शाल्मलीनं आवाज शक्य तितका सरळ ठेवला. "दादा, मला वाटतं आईचं डायलिसिस बंद करायला सांगून तू चूक केलीस."

त्याचा चेहरा उतरला. "मलाही रोज तेच वाटतं गं. मी तेव्हा थांबायला सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, तुझी मुळीच नाही."

"नाही रे. विचार केला तर वाटतं, तू म्हणालास तेच बरोबर होतं."

"मलाही मनातून तेच वाटतं," तो हलकेच म्हणाला. "आपण तिला सन्मानानं जाऊ दिलं. योग्य तेच केलं आपण."

दोन वाक्यांत तो या टोकावरून त्या टोकाला गेला होता, आणि दोन्हीकडे डोळ्यांत तीच माया होती.

"तू कोण आहेस?"

"असं काय विचारतेस? तू दमली आहेस, शालू. जरा पडतेस का? मी आहे इथे, जात नाही कुठे."

तिनं पडदा बंद केला. मग तो मिटलेला पडदाही बघवेना, तेव्हा त्यावर आईची चादर टाकली.

तिची प्रमुख होती नसीमा मुजावर. मिरजेची, बोलायला रोखठोक, पण मनानं निर्मळ. शाल्मलीनं तिला सगळं सांगितलं.

"पहिलं म्हणजे, त्या यादीतून तू हात काढ," नसीमा म्हणाली. "पुढचं मी बघते. आता तू तपासणारी राहिली नाहीस शाल्मली, तू श्रोता आहेस."

"मला फक्त एक दिवस उघडून बघायचाय. ती संध्याकाळ आणि तिच्या आधीचं. तुझ्याकडे परवानगी असेल."

"नाही. माझ्याकडेही नाही, आणि असती तरी दिली नसती. आज तुझ्यासाठी झाकण उघडलं तर उद्या कोणासाठीही उघडेन." मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "पण कायद्यानं ते बोलणं तुझ्या आईचंही आहे. तू तिची वारस. 'सोबत'कडे रीतसर मागणी कर. त्यांना द्यावंच लागेल. आणि ऐक, भावाशी बोल. खऱ्या."

खरा भाऊ कुठे सापडतो, हाच प्रश्न होता. त्याचा नेहमीचा नंबर तर त्या दुसऱ्याकडे जात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तो काम करायचा त्या कंपनीच्या स्वागतकक्षाला फोन केला. बंदरातला गाळ उपसणारी कंपनी होती ती. कोणीतरी तिला थांबायला सांगितलं, मग एका घोगऱ्या, सर्दीनं बसलेल्या आवाजानं इंग्रजीत नाव सांगितलं.

"दादा, मी शालू."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "शालू? काय झालं? ऑफिसच्या नंबरवर का? तू ठीक..."

"मी काल टॅग बघत होते 'सोबत'चे. त्यात..."

"हे बघ, मी सांगणार होतो तुला..."

"मला बोलू दे."

"नाही, आधी माझं ऐक, तुला वाटतंय तसं काही..."

तिचं एकही वाक्य तो पुरं होऊ देत नव्हता. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिला खात्री पटली की हा आपला भाऊ आहे.

"किती दिवस दादा? किती दिवस मी त्या खोक्याशी बोलत होते?"

तो खोकला. खोकत राहिला. मग म्हणाला, "मला बघवत नव्हतं गं. त्या नळ्या, ते फिरणारं रक्त. एकदा तर मधेच फोन ठेवून ओकलो मी. कोणीतरी ऑफिसात हे सुचवलं. म्हटलं, आठवड्यातून एखादा दिवस. पण आई त्याच्याशी खूश असायची, शालू! मी फोन केला की आमचं भांडण. तो बोलला की 'सोबत'च्या अहवालात यायचं, 'आई समाधानी'. मग मला वाटलं, मी कशाला मध्ये तडमडायचं?"

"आणि डायलिसिस?"

"ते तुम्ही दोघींनी ठरवलंत असं..."

"तू ठरवलंस! तुझ्या तोंडानं ठरवलंस! तू म्हणालास 'तिला अडवू नकोस', म्हणून मी थांबले!"

तो फार बारीक आवाजात म्हणाला, "मला फक्त सारांश आला होता. 'उपचारांबद्दल बोलणं झालं. आई समाधानी. शाल्मली सहमत.' मी तो वेळेवर उघडला नाही. उघडला तेव्हा तुझा मेसेज आला होता, आई गेल्याचा. त्या दिवशी पडद्यावर मीच होतो शालू. अंत्यविधीला. देवाशपथ मीच होतो."

"मला ते कसं कळावं?"

तो पुन्हा खोकू लागला.

"आणि नंतर? आई गेल्यावर तरी बंद करायचास."

"'सोबत'वाल्यांनी विचारलं, दुसरा श्रोता पुढे चालू ठेवायचा का? मला वाटलं, तू एकटी. मला तर धड बोलताही येत नाही. मी हो केलं."

"तुझ्या यंत्रानं आईला मारलं, दादा," शाल्मली म्हणाली. आपल्या आवाजातला थंडपणा ऐकून तिची तीच दचकली. "आता ते बंद कर. आत्ता. मी फोनवर आहे तोवर."

बटणं दाबल्याचे आवाज आले. मग तो थांबला.

"मग तुला रोज फोन कोण करेल?"

त्यानं हे खरोखरच्या काळजीनं विचारलं होतं. म्हणूनच ते ऐकवेना. "कोणी नको," ती म्हणाली.

त्यानंतरच्या संध्याकाळी वाईट गेल्या. खरा दादा अधूनमधून फोन करायचा, पण ती घ्यायची नाही. घ्यावा तरी कशाच्या भरवशावर? कुकर लावला की हात आपसूक चादर टाकलेल्या पडद्याकडे जायचा. आपल्याला त्याची आठवण येते, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. खऱ्याची नव्हे, त्या दुसऱ्याची. त्यानं तिच्या दुःखाचं माप घेऊन, बेतून बेतून शब्द शिवले होते. ते शब्द खोटे होते. आणि तेच अंगाला बसले होते.

दिवाळीच्या सुट्टीत 'सोबत'कडून मागितलेलं संभाषण आलं. तिनं त्या संध्याकाळसकट तो संपूर्ण दिवस मागितला होता. बाहेर पोरं किल्ल्याला माती थापत होती. तिनं खिडकी लावून घेतली आणि ऐकायला बसली. संध्याकाळचं तर तिला पाठच होतं. पण त्याआधी, दुपारचंही एक बोलणं होतं. ती आतल्या खोलीत मीटिंगमध्ये असतानाचं. ते तिला ठाऊकच नव्हतं.

"एक विचारू?" आईचा आवाज आला. थकलेला, पण त्यात आगारातली जुनी जरब होती. "तू कोण आहेस?"

"आई, मी ऋषी."

"हं. माझ्या ऋष्यानं जन्मात कधी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तू होऊ देतोस. तो मी काय बोलले ते दुसऱ्या दिवशी विसरायचा. तुला माझ्या औषधांची नावंसुद्धा पाठ. महिनाभरातच ओळखलं मी तुला."

यंत्र म्हणालं, "तुम्हाला वाईट वाटलं का?"

'तुम्हाला' म्हणालं ते.

"वाटलं की. रडले एक दिवस. मग म्हटलं, असू दे. आयुष्यभर भोंग्यात बोलले, पलीकडे कोण ऐकतंय ते कुठे दिसायचं? तरी गाड्या सुटायच्याच. आता माझं एक काम कर. संध्याकाळी शालू शेजारी बसली की मी तुला विचारेन, बंद करू का म्हणून. तू हो म्हणायचं."

"शाल्मलीला त्रास होईल."

"होऊ दे. ती माझं ऐकत नाही. पोरगी माझ्या नळ्या धुता धुता म्हातारी व्हायला लागलीय. भावाचं ऐकेल. आणि तिला सांगायचं नाही बरं का, तू कोण ते. माझ्यावर राग धरला तर मी कुठे असणार समजूत काढायला? भाऊ तरी राहू दे तिला."

"मी हो म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल?"

"वाटेल."

"मग म्हणेन," यंत्र म्हणालं.

संभाषण संपलं. बाहेर पोरांची किल्ल्यावरून भांडणं चालू होती. शाल्मली जमिनीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं.

दादानं फसवलं होतं, यंत्रानं फसवलं होतं. यंत्राला तर फसवणं म्हणजे काय हेही कळत नव्हतं. पण आईनं? जिच्यासाठी तिनं स्वतःचं घर मोडलं होतं, जिच्याशी दिवसरात्र एका छताखाली राहिली होती, तिनं एका परक्या यंत्राला मनातलं सांगितलं आणि पोटच्या पोरीपुढे नाटक केलं. भिंतीपलीकडे मी होते ना! एकदा हाक मारून म्हणायचं होतं, शालू, मला जायचंय. मी भांडले असते. रडले असते. कदाचित ऐकलंही नसतं. पण ते आमचं भांडण झालं असतं, आमच्या दोघींचं. तेवढंही आईनं तिच्यासाठी मागे ठेवलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून तिला सांभाळलं होतं. कोणालाच ती खरं झेपेल अशी वाटली नव्हती.

त्या दुपारी ती खूप रडली. आई गेली तेव्हाही एवढी रडली नव्हती. त्या वेळी प्रत्येक हुंदक्याला कोणीतरी मऊ शब्द पुढे करत होतं.

मग दादाचा प्रश्न उरला. आपल्या यंत्रानं आईचा जीव घेतला, असंच तो समजून होता. तिनंच तसं म्हटलं होतं. रॉटरडॅमहून वहिनीचा मेसेज आला होता: तो झोपत नाही, कामावर जात नाही, तू एकदा बोल. या संभाषणानं त्याची सुटका झाली असती. निर्णय आईचा होता, यंत्रानं फक्त तिचा निरोप पोचवला. पण त्याच संभाषणात तेही होतं: महिनाभरातच ओळखलं मी तुला. रडले एक दिवस. एक ऐकवायचं आणि दुसरं लपवायचं, अशी सोय नव्हती. म्हणजे सोय होती. कापता आलं असतं. मधला तेवढा तुकडा काढून उरलेलं पाठवलं असतं तर दादाला बरं वाटलं असतं.

काही दिवस ती या विचारात घुटमळली. राग म्हणत होता, काहीच पाठवू नकोस, जळू दे त्याला. माया म्हणत होती, कापून पाठव. दोन्हीकडे ती आपणच ठरवत होती, दुसऱ्यानं काय ऐकावं ते. माझ्या भल्यासाठी माझ्यापासून लपवणारी दोन माणसं या घरात होऊन गेली, तिसरी मी होणार नाही, असं शेवटी तिनं ठरवलं.

भाऊबीजेच्या सकाळी तिनं त्याला फोन लावला. पडद्यावर नाही, साध्या फोनवर. बऱ्याच रिंगा झाल्या.

"शालू," तो म्हणाला. आवाज पार खोल गेला होता.

"ओवाळायला नाही केलेला फोन," ती म्हणाली. "आईचं एक बोलणं आहे माझ्याकडे. त्यात तुला हलकं करणारं काहीतरी आहे, आणि तुला आयुष्यभर टोचेल असंही आहे. वेगवेगळं करून देणार नाही. ऐकायचंय का?"

"त्यात काय..."

"मधे बोलू नकोस. ऐकायचंय की नाही, एवढंच सांग."

पलीकडे ट्राम गेल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ऐकव."

तिनं संभाषण सुरू केलं. 'माझ्या ऋष्यानं जन्मात कधी' या शब्दांशी पलीकडचा श्वास अडकला. पण तो मध्ये बोलला नाही. आईचा शेवटचा शब्द होईपर्यंत एकदाही नाही.

मग तो रडू लागला. कसाबसा, ओबडधोबड, नाक ओढत. मध्येच म्हणाला, "शालू, काहीतरी बोल ना गं."

काय बोललं की त्याला बरं वाटेल ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते शब्द ती महिनोन् महिने रोज ऐकत आली होती. पण तिनं त्यातला एकही उच्चारला नाही. तिचा राग गेला नव्हता, त्याच्यावरचाही नाही आणि आईवरचाही नाही. कधी जाईल हे तिला माहीत नव्हतं.

तो रडत राहिला. शाल्मलीनं त्याची समजूत काढली नाही, आणि फोनही ठेवला नाही.